डोहातले बियाणे

मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले की माझ्या धाकट्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नाना, मासे धरायला कधी जायचं?" माझे माहेर जालना जिल्ह्यात, दुधना नदीच्या काठावरच्या एका लहान गावात आहे. अब्बांनी आयुष्यभर शेती केली आणि शेतीतून सवड मिळाली की नदीवर जाऊन गळ टाकला. आम्हा भावंडांना पोहायला, गळाला गांडूळ लावायला आणि तासभर तोंड बंद ठेवून बसायला त्यांनीच शिकवले. माझ्या मुलालाही या तिन्ही गोष्टी तेच शिकवत आहेत. तिसरी त्याला अजून जमलेली नाही.

यंदा मात्र अब्बा म्हणाले, "जाऊ या की. पण गळ घरीच ठेवायचा."

असरच्या नमाजनंतर आम्ही तिघे निघालो. नदीत पाणी नव्हतेच. पात्रात गोटे, वाळून पापुद्रे सुटलेले शेवाळ आणि मधूनच पोकलेनने ओढलेले चर. बरेच चालल्यावर नदी जिथे वळण घेते तिथे, उंबर आणि करंजाच्या सावलीत, एक डोह उरला होता. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढाच. अब्बांनी आम्हाला काठावर बसवले आणि ओठांवर बोट ठेवले. पाच-सात मिनिटांनी पाणी हलले. एक काळसर तोंड वर आले, हवा घेतली आणि 'गप्' आवाज करून खाली गेले.

"मरळ!" पोरगा ओरडलाच.

"मरळच," अब्बा म्हणाले. "या डोहात अजून असे काही मोठे मासे आहेत. वाम असेल, शिंगटी असेल. पाऊस पडून नदी वाहती झाली की हेच मासे मैलोन् मैल पसरतील आणि त्यांचीच पिल्लं पुढच्या वर्षी तुझ्या गळाला लागतील. तू जालन्यात राहतोस ना? बियाण्याच्या गावचा पोरगा तू. घरात पेरणीपुरतंच बियाणं उरलं असेल, तर ते दळून कुणी खातं का?"

जालन्याची ओळख देशभर बियाण्यांमुळे आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको ही कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे राखून ठेवायचे असते, हे इथल्या पोरासोरांना सांगावे लागत नाही. पण नदीतल्या डोहाला बियाण्याची कोठी म्हणून आपण कधी पाहिलेले नाही. अब्बांचे ते वाक्य मनात घेऊन मी जालन्याला परत आले आणि आपल्या जिल्ह्यातल्या ओढ्या-नद्यांकडे, त्यातल्या माशांकडे नव्याने पाहू लागले. या लेखात तेच आपल्यासमोर ठेवते आहे.

नदी आटते तेव्हा मासा कुठे जातो?

आपला जिल्हा कमी पावसाचा. वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जालना शहरातून कुंडलिका वाहते, सीना तिला येऊन मिळते. कुंडलिका दुधनेत जाते, दुधना पूर्णेत आणि पूर्णा गोदावरीत. भोकरदनकडे गिरिजा आणि केळणा आहेत. यातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात भरून वाहतात, हिवाळ्यात बारीक होतात आणि उन्हाळ्यात तुटतात. तुटतात म्हणजे एक सलग धार न राहता जागोजागी डबकी आणि डोह उरतात.

तेव्हा मासा डोहात जातो, दुसरीकडे कुठे जाणार? नदीच्या वळणावर, खडकाच्या पायथ्याशी, जिथे पुराच्या पाण्याने शतकानुशतके कोरून खोलगट जागा केली आहे, तिथे पाणी टिकते. काठावर झाड असेल तर सावली मिळते आणि पाणी कमी तापते. सावलीचे महत्त्व एका हिशेबावरून कळेल. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. तेच पाणी ३० अंशाला गेले की हा आकडा साडेसातच्या आसपास येतो. बहुतेक माशांना निदान चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो. त्यात डोहात पाने, शेण, सांडपाणी कुजू लागले की उरलेला प्राणवायूही संपतो आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. म्हणून डोहाकाठचे उंबराचे झाड तोडणे म्हणजे डोहातल्या माशांच्या डोक्यावरचे छप्पर काढणे आहे.

परदेशातल्या गळ टाकणाऱ्यांनाही हे शिकावे लागले. ट्राउट नावाचा मासा त्यांचा फार लाडका. तो थंड, स्वच्छ, खळखळत्या पाण्यात राहतो. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काश्मीरच्या ओढ्यांत आणून सोडला आणि तिथे तो रुजला. आपल्याकडच्या उन्हात तो तगणार नाही. पण त्याची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९५९ साली, ऑ साबल नदीच्या काठावर, हौशी मासेमारांनी ट्राउटसाठी एक संघटना उभी केली. हौदात वाढवलेले मासे दरवर्षी नदीत सोडत राहण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. ओढ्याचे पाणी, तळ आणि काठ नीट राखले तर मासा आपणहून वाढतो, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना पाणी थंड राखायचे होते आणि आपल्याला ते जूनपर्यंत टिकवायचे आहे. मासा हवा असेल तर आधी त्याचे घर राखावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

चढणीचे मासे

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो, ओढे गढूळ होऊन धावू लागतात आणि डोहात अडकलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात, कधी कधी शेतात साचलेल्या वीतभर पाण्यातही ते पोचतात. हा सगळा प्रवास अंडी घालण्यासाठी असतो. उथळ, नव्या पाण्यात गवत असते, बारीक किडे असतात आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. पिल्लांना वाढायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आणि नेमकी हीच वेळ मासा धरायला सर्वांत सोपी असते. पाणी घोटाभर, मासा दमलेला आणि पोट जड झालेले. टोपलीने, पोत्याने, जुन्या मच्छरदाणीने, अगदी काठीनेही लोक मासे धरतात. घरी आणून चिरले की पोटात गाभोळी भरलेली सापडते आणि ती खायलाही चविष्ट लागते. लहानपणी आम्ही गाभोळीसाठी भांडायचो. त्या वाटीभर गाभोळीत हजारो अंडी असतात, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

समुद्रावर याच काळात कायद्याने मासेमारी थांबते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते आणि कोळी बांधव ती पाळतात, कारण पुढच्या हंगामाची कमाई त्या ६१ दिवसांवर अवलंबून असते. आपल्या गावच्या ओढ्यावर मात्र पहारा द्यायला कुणी येणार नाही. हा नियम आपला आपणच लावून घ्यायचा आहे. ज्यांची चूल मासेमारीवर पेटते त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. अब्बांचे एक भोई दोस्त आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते पहिल्या पुराच्या वेळी जाळे सुकवत ठेवतात. ओढ्यावर तुटून पडतात ती आपल्यासारखी हौशी माणसे.

मरळ आपली पिल्ले राखते

आपल्या भागात मरळीची फार किंमत आहे. काटे कमी, मांस घट्ट. आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा द्यावा, असे आमच्या नानी म्हणायच्या. या माशाला कल्ल्यांबरोबरच थेट हवेतून श्वास घेण्याचीही सोय आहे. म्हणूनच तो गढूळ, कमी पाण्यात तग धरतो आणि डबके आटू लागले तर ओल्या चिखलातही काही काळ जगतो. माझ्या मुलाने पाहिलेला तो 'गप्' आवाज म्हणजे मरळीने वर येऊन घेतलेला श्वास.

या माशाची आणखी एक गोष्ट घरातल्या मुलांना जरूर सांगावी. मरळ पाणवनस्पती बाजूला सारून घरटे करते. अंडी फुटली की तांबूस-नारिंगी रंगाची बारीक पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागाजवळ एकत्र, गोळा करून फिरतात. त्यांच्या खालीच आईबाप पहारा देत असतात. दुसरा मासा जवळ आला की त्याच्यावर धावून जातात. पिल्लांचा तो तांबूस पुंजका दिसला की जाणत्या शिकाऱ्याला कळते की मोठी मरळ खाली आहे. त्या पुंजक्यात गळ टाकला की पिल्लांच्या रक्षणासाठी मरळ त्यावर झडप घालते आणि अडकते. शिकार सोपी होते, पण मागे राहिलेल्या शेकडो पिल्लांचा दोन-तीन दिवसांत फडशा पडतो.

अब्बांनी मुलाला डोहावर बसून ही गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, "म्हणजे ती पिल्लांना वाचवायला येते आणि आपण तिला धरतो?"

अब्बा म्हणाले, "मी धरलेल्या आहेत बेटा. पुष्कळ. आता धरत नाही."

अब्बांची कबुली

त्या संध्याकाळी अब्बांनी एक गोष्ट सांगितली. ती मी चाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. त्यांच्या तरुणपणी, एका दुष्काळी उन्हाळ्यात, घरात पाहुणे यायचे होते. गावातल्या चार मित्रांनी मिळून विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर आणली आणि रात्री याच डोहात ओतली. सकाळी सगळे मासे वर. मोठे, लहान, बोटाएवढे, झिंगे, खेकडे, सगळे. पोती भरून मासे गावात वाटले. पाहुणे खूश झाले, त्यांचे नाव झाले.

"त्या दिवशी पोतं भरून आणलं," अब्बा म्हणाले, "आणि नंतरची तीन वर्षं मी इथून रिकाम्या हातानं परतलो. नदी यायची, पण वर चढायला मासाच नव्हता. भोयांच्या घरी चूल थंड पडली. त्यांनी कधी तोंडावर काही बोलून दाखवलं नाही. पण त्यांना माहीत होतं."

पाण्यात विष किंवा सुरुंगाची दारू वापरून मासे मारणे हा आपल्या देशात फार जुना गुन्हा आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यपालन कायद्यात दोन्ही गोष्टींना मनाई आहे. तरीही ब्लिचिंग पावडर, फवारणीचे औषध आणि मोटारीच्या वायरीतून सोडलेला विजेचा प्रवाह असले प्रकार गावोगाव चालतात. विजेच्या प्रवाहाने माणसेही दगावतात. शिवाय विषाने मेलेला मासा कुणाच्या तरी ताटात जातो आणि तेच पाणी जनावरे पितात. वाहत्या नदीच्या काठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या घरात पाण्याच्या थेंबाचा हिशेब शिकवला जातो, त्या घरातल्या पोरांनी डोहात विष ओतावे, हे कसे जुळते? अब्बा हाच प्रश्न आजही स्वतःला विचारतात.

माणसाने ठरवले की मासा, कासव वाचते, याचीही उदाहरणे आहेत. बांगलादेशात चट्टग्रामला हजरत बायजीद बोस्तामी यांच्या नावाच्या दर्ग्याचा तलाव आहे. त्यातल्या काळ्या मऊ पाठीच्या कासवांना लोक पिढ्यान् पिढ्या त्रास देत नाहीत, उलट खाऊ घालतात. ही जात बाहेरच्या नद्यांतून संपली, असे २००२ साली जागतिक यादीत नोंदवले गेले, तेव्हाही या तलावात ती जिवंत होती. पुढे आसाममधल्या मंदिरांच्या तलावांतही तीच कासवे सापडली. आपल्या राज्यात देहू-आळंदीला इंद्रायणीच्या डोहात श्रद्धेपोटी मासे राखण्याची परंपरा आहे. कुठे दर्गा, कुठे मंदिर, पण लोकांनी केले ते एकच. पाण्याचा एक तुकडा त्यांनी माशांसाठी सोडला.

गाळ काढा, पण डोह बुजवू नका

पाणी राखण्याची परंपरा आपल्या शहराला नवी नाही. जालन्याचा मोती तलाव आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी शहराच्या हौदांत आणलेले पाणी यामागे जमशेद खान यांचे नाव घेतले जाते. काळी मशीदही त्यांचीच. पुढे निजामाच्या राजवटीत कुंडलिकेवर घाणेवाडीचा तलाव बांधला गेला. आज त्याला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. तिथले पाणी उतारानेच, पंपाशिवाय शहरात येत असे.

२०१२-१३ च्या दुष्काळाची आठवण जालनेकर विसरलेले नाहीत. टँकरची वाट पाहत काढलेल्या रात्री, घागरींच्या रांगा, पाहुणे नकोत असे सांगणारे फोन. घाणेवाडी तळाला गेला होता. तेव्हा घाणेवाडी जलसंरक्षण मंचासारख्या नागरिकांच्या गटांनी, व्यापारी-उद्योजकांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून तलावातला गाळ काढण्याचे काम केले. शेतकऱ्यांनी तो गाळ ट्रॅक्टरने शेतात नेला. तलावात पाणी जास्त मावू लागले आणि शेतांना सुपीक माती मिळाली. हे काम जालन्याने अभिमानाने सांगावे असेच आहे.

पण तलावातला गाळ काढणे वेगळे आणि नदीचे पात्र खोदणे वेगळे. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार योजना आली आणि पोकलेन, जेसीबी गावोगाव पोचले. बऱ्याच ठिकाणी नाले सरळ, एकसारखे खोल आणि रुंद केले गेले. नदीच्या जागी चर झाला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. शास्त्र न पाहता नाले खोदणे नदीला घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाणी किती अडले यावर चर्चा पुष्कळ झाली. माशांच्या घराचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

माशाला एकसारखे पात्र चालत नाही. त्याला खोल डोह हवा, डोहांच्या मध्ये गोट्यांवरून खळाळणारे उथळ पाणी हवे, काठाला मुळ्यांच्या कपारी हव्यात आणि तळाला वाळू-खडे हवेत. खळाळात पाण्याला हवा मिळते. गोट्यांखाली किडे वाढतात, तेच माशांचे अन्न. वाम दगडांच्या फटीत राहते. हायवा भरभरून वाळू नेली, गोटे काढले, काठ तासून गुळगुळीत केला की पाणी कदाचित दिसेल, पण त्यात मासा दिसणार नाही.

म्हणून गावात खोलीकरणाचे काम येईल तेव्हा दोन गोष्टींचा आग्रह धरावा. जुना नैसर्गिक डोह असेल तिथे मशीन लावू नये, आणि डोहाकाठची झाडे तोडू नयेत. कामाचा नकाशा ग्रामसभेत मागता येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावाने वेगळा रस्ता दाखवला आहे. तिथे कृषी विज्ञान केंद्र आणि मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या मदतीने माथा ते पायथा असे पाणलोटाचे काम झाले. डोंगरउतारावर पाणी मुरले की ते खाली ओढ्याला हळूहळू, जास्त दिवस झिरपत राहते. डोहाला उन्हाळ्यात जगवणारे पाणी तेच.

बंधाऱ्यांचेही असेच आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे गेट पावसाळ्याआधी काढायचे आणि पाऊस सरताना बसवायचे, अशी मूळ पद्धत आहे. गेट वेळेवर निघाले तर चढणीच्या माशाला वाट मिळते. ते तसेच राहिले तर गाभोळीने भरलेला मासा भिंतीवर डोके आपटत राहतो आणि खाली टोपल्या घेऊन माणसे उभी असतात. सिमेंटच्या पक्क्या बंधाऱ्याला एका बाजूने दगड रचून उतार करून दिला तरी काही मासे वर चढू शकतात.

पाहुणे मासे

बाजारात आपण रोहू, कटला, मृगळ घेतो. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवण्यात यश मिळवले आणि तलावात बोटुकली सोडून मत्स्यशेती करणे शक्य झाले. म्हणूनच १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तलावातली ही शेती चांगलीच आहे, तिच्यावर अनेक घरे चालतात. पण तलावातले मासे दरवर्षी विकत आणून सोडावे लागतात. ओढ्यातली मरळ, वाम, शिंगटी आपली आपण वाढतात, फुकट. आपण फक्त त्यांच्या आड यायचे नाही.

काही पाहुणे मात्र घर बळकावतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ साली भारतात आणला गेला. तो पिल्ले तोंडात घेऊन वाढवतो, वर्षातून अनेकदा वितो आणि स्थानिक माशांना जागा उरू देत नाही. आफ्रिकन मांगूर त्याहून वाईट. तो मिळेल ते खातो, दुसरे मासेही खातो. त्याच्या पालनाला देशात बंदी आहे. कुणी स्वस्तात बीज देत असेल तर घेऊ नये आणि शेततळ्यातही सोडू नये, कारण पुरात तो ओढ्यात पोचतोच. डासांसाठी मिळणारे गप्पी मासेही घरच्या हौदात, टाकीत ठेवावेत, नदीत सोडू नयेत. मुलांचा मत्स्यटाकीचा नाद संपला म्हणून त्यातले रंगीत मासे कुंडलिकेत 'मोकळे' करणे यात माशांवर दया नाही आणि नदीवरही नाही.

आपल्या घरापासून

कुंडलिका शहरात येते तेव्हा तिच्यात सांडपाणी मिसळते. सांडपाणी शुद्ध करणे हे नगरपालिका-महानगरपालिकेचे काम आहे आणि त्यासाठी आपण सर्वांनी मिळून बोलत राहिले पाहिजे. पण काही गोष्टी आपल्या घरातून, आपल्या मोहल्ल्यातून सुरू होतात, त्याही बोलू या.

बकरी ईदला कुर्बानीची आतडी, कातडीचे तुकडे, रक्ताने भरलेल्या पिशव्या नाल्याच्या काठी टाकल्या जातात. आपल्यातल्याच काही जणांकडून हे घडते, हे मान्य करायला लाजू नये. नाल्यातून हे सगळे नदीत जाते, कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. इबादतीच्या दिवशी एखादा डोह मरावा, असे आपल्यापैकी कुणालाच वाटत नसेल. मोहल्ला कमिटीने आधीच ठिकाण ठरवावे, खोल खड्डे खोदून त्यात हे पुरावे किंवा पालिकेची गाडी बोलावून घ्यावी. चिकन-मटणाच्या दुकानांचा रोजचा कचराही याच रीतीने जावा. गावात फवारणीचे पंप ओढ्यात धुऊ नयेत आणि औषधाचे रिकामे डबे पाण्यात फेकू नयेत.

आपल्या फिकहमध्ये 'हरीम' नावाची एक कल्पना आहे. विहीर, झरा, ओढा यांच्याभोवती काही जागा मोकळी सोडायची, तिथे पाण्याला धोका होईल असे बांधकाम किंवा खोदकाम करायचे नाही. गावाने ठरवले तर आपल्या एका डोहाला असे हरीम देता येईल. वरच्या आणि खालच्या बाजूचे थोडे पात्र मिळून तेवढ्या भागात वर्षभर मासेमारी नाही, वाळू नाही, मशीन नाही. काठावर उंबर, करंज, जांभूळ लावायचे. मशिदीतून जुमाच्या दिवशी सांगता येईल, मंदिरातून सांगता येईल, ग्रामसभेत ठराव करता येईल. भोई बांधवांना मात्र यात पुढे बसवायला हवे, कारण नदी सर्वांत जास्त त्यांना कळते आणि नुकसानही त्यांचेच आधी होते.

गळ टाकणाऱ्या पोरांसाठी अब्बांनी चार नियम केले आहेत, ते इथे देते. पहिल्या पुरापासून महिना-दीड महिना ओढ्यावर गळ-जाळे नाही. मरळीच्या पिल्लांचा पुंजका दिसला की तिथून उठून जायचे. वीतभरापेक्षा लहान मासा ओल्या हाताने सोडून द्यायचा. आणि घरात जेवणारी माणसे मोजून तेवढेच मासे आणायचे.

जूनमध्ये एका रात्री अब्बांचा फोन आला. पलीकडून पावसाचा आवाज येत होता. "नदी आली," म्हणाले, "बच्चूला दे." मुलगा झोपेतून उठून बसला. "नाना, मरळ गेली का वर?"

"अंधारात काय दिसणार बेटा. पण बंधाऱ्याची गेट आम्ही परवाच काढून घेतली. काका आणि मी टॉर्च घेऊन पुलावर बसलोय. टोपल्या घेऊन चार पोरं आली होती. त्यांना चहा पाजला आणि गोष्ट सांगितली."

"मग?"

"दोघं घरी गेली. दोघं इथंच बसलीत, आमच्याबरोबर."